नवव्या पायरीखालचा टेकू

जनकोजीचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. गजर त्याने आयुष्यात कधी लावला नव्हता. स्टुडिओत सेटचं सुतारकाम करत होता तेव्हा साडेपाचला हजर राहावं लागे. नट सातला येणार, त्याआधी घर उभं पाहिजे. काम सुटून अकरा वर्षं झाली, वय एकाहत्तर झालं, तरी डोळा त्याच वेळेला उघडायचा.

तमिळनाडूतल्या सालिग्राममला दोन खोल्यांत तो, बायको अंबुजा, मुलगी श्रीरंजनी आणि नात कीर्तना अशी चौघं राहत. श्रीरंजनी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात कामाला होती. पाचला कंपनीची बस तिला घेऊन गेली की जनकोजी मागच्या न्हाणीत शिरायचा. न्हाणीवर सिमेंटचा पत्रा होता. तो मध्ये वाकला होता, म्हणून खाली एक सागाचा टेकू दिलेला. टेकू सव्वाचार फुटांचा. तेवढी उंची पुरत नव्हती, म्हणून कपडे धुवायच्या दगडावर उभा केलेला. त्याचं वरचं तोंड तिरपं कापलेलं होतं आणि पत्र्याला बसावं म्हणून मध्ये फळीचा तुकडा घातला होता. तोंड तिरपं का, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या शनिवारी सातच्या सुमारास कीर्तना नवी कुर्ती घालून स्वयंपाकघरात आली आणि तिने फोन आजोबांच्या डोळ्यांपुढे धरला.

"ताता, पाहा. तुमचा जिना!"

फोनवर एक लाकडी जिना दिसत होता. तेरा पायऱ्या, तपकिरी रंग, गोल मुठीचा कठडा. ‘पदिमूनु पडी’ मालिकेचा जिना. नावाचा अर्थच तेरा पायऱ्या. पंचवीस वर्षांपूर्वी साऱ्या तमिळनाडूने जेवणाची ताटं पुढ्यात घेऊन ती मालिका पाहिली होती. खाली सासू-सासरे, वर सून-मुलगा आणि घरजावई. भांडण व्हायचं ते जिन्यावर आणि मिटायचं तेही जिन्यावर. आता ती पुन्हा टीव्हीवर लागत होती आणि कीर्तनाच्या वयाची पोरं तिचे तुकडे फोनवर पाहून हसून लोळत होती.

"एग्मोरच्या हॉलमध्ये लावलाय," कीर्तना म्हणाली. "गोडाउनमधून जुनाच काढला, ओरिजिनल. अकरा वाजता सगळे नट येणार. आणि सव्वीस फॅन्सना त्यांच्याबरोबर जिन्यावर बसून फोटो. मी लिहिलं की माझ्या तातांनी हा जिना केला, तर मला लगेच घेतलं. नववी पायरी! जावई पडतो ती!"

"सव्वीस?" जनकोजी म्हणाला.

"पायरीला दोघं."

"बाजूने दाखव. डाव्या बाजूने."

"काय ताता, सेल्फी पाहून प्लायवूड तपासणार का?" पण तिने फोन फिरवला. कुणीतरी जिन्याभोवती फिरून चित्रण केलं होतं. डावी बाजू एक क्षण दिसली. जिन्याखाली काळा पडदा अर्धवट ओढलेला होता, आणि आत रिकामी जागा. नुसती जमीन.

जनकोजीने कॉफीचा डबरा खाली ठेवला. 

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"कां?" अंबुजा चुलीपाशी उभी होती, ती वळली. "पोरगी आठ दिवस उड्या मारते आहे. आपल्या माणसाचं नाव कोणी काढत आहे तर तुम्हांस पोटात दुखतें?"

त्याने कारण सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि कारणाबरोबर दुसरी एक गोष्ट बाहेर आली असती. त्याने डबरा उचलून तोंडाला लावला. कीर्तना त्याच्या गालाला हात लावून निघून गेली. खाली मैत्रिणींच्या स्कूटरचा आवाज आला आणि विरला.

जनकोजी त्या मालिकेला कधी हसला नव्हता. शेजारी म्हणत, सुतार माणूस, घुम्मा आहे. पण त्याने ती मागच्या बाजूने पाहिली होती. त्या घरातला सासरा गिरणीकामगार, पण साडेतीन वर्षांत त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली नाही. सून दिवसभर डोसे घालायची. तवा थंडच, डोसे हॉटेलातून आणलेले. भांडी कुणी घासत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ कायम दहा वाजून दहा मिनिटं. वरच्या मजल्यावर खोली नव्हतीच. तेराव्या पायरीनंतर चार फुटांची फळी आणि मागे बांबूची शिडी. रागावून वर गेलेली सून त्या फळीवर अंधारात उकिडवी बसून राहायची, पुढच्या वाक्याची वाट पाहत. या सगळ्याचं त्याला काही वाटत नव्हतं. खोटं घर करणं हेच काम होतं आणि त्याने ते चोख केलं होतं.

नवव्या पायरीचं मात्र तसं नव्हतं.

एका भागात जावयाने नववी पायरी मोडून खाली पडायचं होतं. दिग्दर्शक म्हणाला, पायरी मोडलेली दिसली पाहिजे, आतलं लाकूड तुटलेलं दिसलं पाहिजे. जनकोजीने जिन्याचा डावा वासा, ज्याच्यावर सगळ्या पायऱ्यांचा अर्धा भार असतो तो, नवव्या पायरीखाली करवतीने आरपार कापला. खाली कापसाची गादी घातली. जावयाचं काम करणारा वेंकट तेव्हा तिशीतला, गुबगुबीत, गोड माणूस. तो पडला. गादी हातभर सरकली होती. घोट्याचं हाड मोडल्याचा आवाज जनकोजीने ऐकला, आणि मागून वेंकटची किंकाळी.

सेटवर कुणी हसलं नाही. हशा टेपवर होता, नंतर चिकटवायचा. दिग्दर्शकाने किंकाळी तशीच ठेवली आणि तिच्यावर हशा चिकटवला. तोच तुकडा आज पोरं फोनवर पुन्हा पुन्हा पाहत होती. मालिकेतला सगळ्यात खरा आवाज तो होता.

मग वासा बदलायला हवा होता. निर्मितीचा कारभार पाहणारा राममूर्ती म्हणाला, "उद्या शूटिंग आहे, लाकूड कुठून आणू? टेकू लाव. पुढच्या महिन्यात बघू." जनकोजीने सागाचा टेकू कापला, वाशाच्या उताराइतकं त्याचं तोंड तिरपं केलं आणि कापलेल्या जागी खालून दिला. खिळा मारता येत नव्हता, कारण कॅमेऱ्याची गाडी जिन्याखालून जायची. म्हणून दर प्रसंगाआधी टेकू लावायचा, पाचर ठोकायची, प्रसंग संपला की काढायचा. तो पुढचा महिना आलाच नाही. उरलेले एकशे चाळीस भाग जनकोजी जिन्याखाली बसून होता. वर लोक भांडत, रडत, नाचत आणि तो दोन्ही हातांनी पाचर दाबून धरायचा. नियम त्याने स्वतःच घातला होता, एका वेळी दोन माणसं. तिसरा नाही.

घोटा बरा होऊन वेंकट परत आला तेव्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी तो कठड्यावर बोटाने दोनदा टकटक करी. खालून जनकोजी वाशावर दोनदा टकटक करी. म्हणजे टेकू आहे, ये. याचा दोघांनी कधी शब्दही काढला नाही.

मालिका संपली तेव्हा सेट मोडून सरपणात जाणार असं सगळेच बोलत होते. जनकोजीने टेकू घरी आणला. चांगला साग होता. राममूर्तीने यादी करताना विचारलं तर सांगितलं, "वाळवी लागली होती, जाळला." सेट मात्र मोडला नाही, गोदामात गेला. हे त्याला कळलं तेव्हा टेकू न्हाणीत उभा होता, आणि जिना पुन्हा कोण उभा करणार आहे, असं म्हणून त्याने तो विषय मनातून काढून टाकला.

सव्वाआठला त्याने कीर्तनाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग जुन्या वहीतून राममूर्तीचा नंबर काढला.

"जनकोजी!" राममूर्तीच्या मागे ढोल वाजत होते. "तुझा जिना हिट आहे. नवा रंग मारलाय, वरून लाकडी पुट्टी भरली, एक ओरखडा नाही!"

"सार, तो सव्वीस माणसांचा नाही."

"इव्हेंटवाल्यांनी तपासलाय. दोन पोरं वर-खाली उड्या मारून आली. तू ये ना, सत्कार करू."

"सार, त्याच्या खाली—"

खाली टेकू होता म्हटलं की पुढचा प्रश्न होता, तो कुठे आहे? बत्तीस वर्षं काम केलं, स्टुडिओतला एक खिळा घरी नेला नाही, असं तो पोरीबाळींना सांगत आला होता. तो थांबला. तेवढ्यात राममूर्तीला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागला नाही.

पुट्टी भरली. म्हणजे काप बुजला, वरून दिसणार नाही. दोन पोरं उड्या मारून आली, म्हणजे जो काही प्लायवूडचा तुकडा तो वासा धरून आहे तो अजून सैल झाला. जनकोजीला नववी पायरी दिसत होती. तिच्यावर नवी कुर्ती दिसत होती. खाली आता गादी नव्हती, फरशी होती.

तो न्हाणीत गेला आणि टेकूला हात घातला.

"अवो! पत्रा पडेल की डोक्यावर!" अंबुजा दारातून ओरडली.

"पडू दे. तू आत येऊ नकोस."

टेकू ओढला तसा पत्रा कुरकुरला आणि चार बोटं खाली आला. जनकोजीने टेकू उन्हात आडवा ठेवला आणि मापला. जे भीतीत होतं तेच निघालं. पंचवीस वर्षं ओल्या दगडावर उभं राहून बूड कुजलं होतं आणि मागे एकदा त्याने ते दोन बोटं कापून टाकलं होतं. टेकू दोन बोटं तोकडा होता. तोकडा टेकू असून नसल्यासारखा. पाचर हवी, तीही जोडीने, समोरासमोर ठोकायची.

पाय म्हणत होते, पळ. साडेनऊ वाजायला आले होते. पण मापाशिवाय गेलं तर जाणं फुकट. घरात कडक लाकूड एकच होतं. त्याने स्वयंपाकघरातून अंबुजाचा पाट उचलला.

"माझा पाट! आईने दिलेला!" अंबुजा किंचाळली. "डोकें फिरलें कां तुमचें?"

"फिरलंय. पाट फणसाचा आहे, दबत नाही. करवत दे."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि करवत आणून दिली. मग पाटाचं दुसरं टोक स्वतःच पायाने दाबून धरलं. "काय झालें आहे?" तिने हळू विचारलं. त्याने कापता कापता तिला सगळं सांगितलं. टेकू जाळला म्हणून सांगितलं होतं, तेही सांगितलं.  तिने त्याच्या खिशात शंभराच्या दोन नोटा कोंबल्या आणि म्हणाली, "ऑटोने जा. बसमध्ये हा ओंडका घेणार नाहीत."

ऑटोवाल्याने टेकूकडे पाहून हसून घेतलं. "काय पेरुसु, म्हातारबा, कुणाचं डोकं फोडायला निघालात?"

"फुटू नये म्हणून निघालोय. एग्मोर. चल."

कोडंबाक्कमच्या पुलावर गाड्या अडल्या. जनकोजीने टेकू मांडीवर आडवा धरला होता आणि घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. दर मिनिटाला पाहत होता. दहा वीस. दहा बत्तीस. कीर्तनाचा फोन वाजत राहायचा आणि बाई सांगायची की उत्तर मिळत नाही. त्याच्या कानात तो आवाज होता, हाड मोडल्याचा, आणि त्याच्यामागे टेपवरचा हशा.

हॉलच्या पुढच्या दारावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. "काठी आत नाही."

"काठी नाही, टेकू आहे. माझी नात आत आहे."

"सगळ्यांचीच नात आत आहे, पेरियवरे. पास?"

वाद घालण्यात वेळ होता. सेटचा माणूस पुढून कधी शिरत नाही. जनकोजी वळसा घालून मागे गेला. जेवणाची पातेली उतरवत होते तिथून, पातेल्यांच्या मागोमाग, टेकू खांद्यावर घेऊन आत शिरला. कुणी अडवलं नाही. खांद्यावर लाकूड असलेल्या म्हाताऱ्याला मागच्या दाराने कुणी अडवत नाही.

सेटची पाठ त्याने लगेच ओळखली. काळा पडदा, कच्च्या फळ्या, खडूने लिहिलेले आकडे. त्यातले काही त्याच्याच हातचे. पलीकडे निवेदिकेचा आवाज घुमत होता. "एक एक पायरी, दोघं दोघं, भांडायचं नाही, हां!" आणि डोक्यावर पावलं. बरीच पावलं. लोक चढून बसले होते.

तो पडद्याखालून जिन्याच्या पोटात गेला. अंधार होता, पायऱ्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा येत होत्या. त्याने डाव्या वाशावरून हात फिरवत नेला. सहावी, सातवी, आठवी. नवव्या पायरीखाली बोट थांबलं. पुट्टी फुटली होती. काप उघडला होता, बोटाचं नख जाईल इतका. वर कुणीतरी सरकून बसलं, काप अजून उघडला, मिटला. खाली पुट्टीची पूड पडत होती. अगदी थोडी, चाळणीतून पडावी तशी.

ओरडावं असं त्याच्या मनात आलं. पण ओरडलं तर सव्वीस माणसं एकदम उठतील आणि एकदम उतरतील. बसलेला भार वासा कसाबसा धरून होता. धावता भार धरला नसता. त्याने तोंड मिटलं.

टेकू उभा केला. तिरपं तोंड वाशाच्या उतारावर बसलं, जसं पंचवीस वर्षांपूर्वी बसायचं तसं. खाली दोन बोटं फट. त्यात पाटाच्या दोन पाचरी समोरासमोर घातल्या. हातोडा वापरता येत नव्हता, आवाज झाला असता. तळहातानेच ठोकल्या. एक इकडून, एक तिकडून. कातडं फाटलं. तिसऱ्या ठोक्याला पाचर धरली, सातव्याला काप मिटायला लागला. अजून पुरता मिटला नव्हता.

"आणि आता," निवेदिका ओरडली, "आपले लाडके जावई!"

टाळ्या. मग एका काठीचा आवाज, आणि एक ओढत टाकलेला पाय. आवाज जिन्यापाशी येऊन थांबला.

"चढा सार! पायरी क्रमांक नऊ तुमची वाट बघतेय!"

"मी खालीच बरा," वेंकटचा आवाज म्हातारा झाला होता. लोक हसले. "खरंच सांगतो." लोक अजून हसले.

"अय्यो, माप्पिळ्ळै, आपले जावईबापू घाबरले!"

 मग कठड्यावर, सवयीने, बोटाने दोनदा वाजलं. टक टक.

जनकोजीने शेवटचा ठोका पाचरीवर मारला. काप मिटला. त्याने वाशावर बोट वाकवून दोनदा वाजवलं. टक टक.

 वेंकट बराच वेळ हलला नाही. मग त्याचा एक पाय आणि एक ओढता पाय असे पायऱ्या चढू लागले. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येक पायरीला जनकोजीच्या हाताखाली पाचर कण्हत होती.

"आता रील! तीन म्हटलं की सगळ्यांनी पाय आपटायचे. एक, दोन—"

जनकोजीने टेकूला छातीशी कवटाळलं, पाचरींवर गुडघा टेकला आणि डोळे मिटले. बावन्न पाय आदळले. डोक्यावर धूळ, पुट्टी, जुना रंग कोसळला. टेकू त्याच्या छातीच्या हाडावर थरथरला. स्पीकरवर टेपवरचा हशा लागला, तोच, पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्यातून त्याला एकच आवाज ऐकू येत होता. नवव्या पायरीवर कीर्तना खरी हसत होती.

टेकू हलला नाही.

लोक उतरले तरी तो बराच वेळ तसाच बसून होता. पडदा उचलून आधी वेंकट वाकून आत आला, त्याच्या मागून राममूर्ती आणि कीर्तना.

"मला वाटलं कानात वाजलं," वेंकट म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"ताता? रक्त आलंय हाताला!"

जनकोजीने वाशावरचा काप बोटाने दाखवला. फोनच्या उजेडात कीर्तनाने तो पाहिला, मग वर पाहिलं, आपण बसलो होतो तिथे.  ती खाली जमिनीवर बसली.

"टेकू जाळला नव्हता सार," जनकोजी राममूर्तीला म्हणाला. "घरी नेला होता. खोटं सांगितलं. सकाळी फोनवरही सांगायला जीभ उचलली नाही."

राममूर्तीने इकडेतिकडे पाहिलं. "बाहेर बोलू नकोस. उद्या शेवटचा दिवस आहे. तू असाच खाली बस, दोन्ही दिवसांचा रोज देतो. आत्ताच घे."

"बसणार नाही."

"कां रे बाबा? पूर्वी बसत होतास!"

"तेच चुकलं. आजचा रोज द्या, हात सोलून केलंय काम. आणि वासा जोडेपर्यंत कुणी पायरीवर पाय ठेवणार नाही. ठेवला तर मी पुढे जाऊन माइकवर सांगतो."

"सांगेल तो," वेंकट म्हणाला. "आणि मी त्याच्या शेजारी उभा राहीन."

राममूर्तीने कुणी चढू नये म्हणून जिन्यापुढे आडवा दोर बांधून घेतला आणि रोज दिला. सामानाला पैसे नाहीत म्हणाला. जनकोजीने त्यावर वेळ घालवला नाही. रस्त्यापलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्या रोजात दोन जाड लोखंडी पट्ट्या आणि आठ बोल्ट घेतले, कापाच्या दोन्ही अंगांनी पट्ट्या लावल्या आणि दुपारी चारपर्यंत बोल्ट आवळले. कीर्तना फोनचा उजेड धरून बसली होती. फोन वाजला तरी तिने उचलला नाही. टेकू काढल्यावर जनकोजी नवव्या पायरीवर एकटा उभा राहिला, टाचेने आपटला आणि कान देऊन ऐकत राहिला. मग वेंकटला हाक मारली.

टेकू ऑटोतून घरी परत गेला, पत्र्याखाली. आणि रोजातलं जे उरलं होतं त्यात अंबुजाला पाट आला. फणसाचा मिळाला नाही, आंब्याचा मिळाला. जनकोजीने तो दुकानातच फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले आणि मगच पैसे दिले.